हॉलमध्ये बोलायचं नाही

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी. हे कुणी विचारलेलं नसतं, तरी मी सांगते. वडील सायखेड्याला दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत औषध मारायचे, आई त्याच बागांत छाटणीनंतर काड्या वेचायची, आणि मी बी.एस्सी. फिजिक्स. पदवीदानाच्या दिवशी भाड्याचा काळा झगा घालून काढलेला फोटो आहे माझा. झगा मापाचा नव्हता, बाह्यांतून नुसती नखं दिसतात. पण चेहऱ्यावरचा भाव बघाल तर वाटेल, प्रकाशाचा वेग या बाईनेच मोजलाय.

त्या फोटोपायी पुढे जे झालं ते सांगायला मला काही फार आनंद होत नाहीये. पण आमचे हे प्रत्येक पाहुण्याला अर्धवट सांगतात आणि हसतात. त्यापेक्षा मीच नीट सांगितलेलं बरं.

नाशिकरोडला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमच्या घरचे जावई, आदल्या दिवशीच आले. हातात मोठा खोका. त्यात डिजिटल फ्रेम. वायफायवर चालणारी, आपोआप फोटो बदलणारी. स्वतःच्या हाताने त्यांनी ती हॉलच्या दर्शनी भिंतीला लावली, सोफ्याच्या समोर, दारातून आत येणारा प्रत्येक माणूस दिसेल अशी. मग राउटर लावला, त्याचा पासवर्ड घातला, सगळं आपल्या फोनवरून जोडलं. मी मदतीला गेले तर म्हणाले, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? तुम्ही फक्त फोटो द्या."

मी फोटो दिले. किती जणांचे दिले ते विचारू नका, त्यातले माझे किती ते तर नकोच.

आमच्याकडे जावयाचा आहेर कपाटात टाकत नाहीत. तो दर्शनी भागात दिसला पाहिजे. नाही दिसला तर जावई रुसतो, आणि तो राग घरी गेल्यावर आपल्या मुलीवर निघतो. आईने फ्रेम बघितली आणि माझ्या कानात म्हणाली, "पोरीच्या सुखासाठी तरी हितून हलवू नको बाई." मला हलवायची नव्हतीच. थोड्या थोड्या वेळाने त्यात मी यायचे, काळ्या झग्यात. मला वाटायचं, जरा जास्त वेळा यायला हवं. तसं मी जावयांना फोनवर म्हणालेही. ते पंचवटीत आपल्या घरी बसून हसले, आणि दुसऱ्या मिनिटाला आमच्या नाशिकरोडच्या भिंतीवर मी! हा माणूस तिकडे बसून आमच्या भिंतीवरची वस्तू चालवतो, यात काही विचार करण्यासारखं आहे, हे फिजिक्सच्या पदवीधर बाईच्या डोक्यात आलं नाही. मी म्हणाले, "वा, पाहुणे हुशार आहेत."

मग गेल्या वर्षी दिवाळीनंतर बहीण एक बॅग घेऊन माझ्या दारात आली.

तो मारत नव्हता. त्यामुळे कुणाला सांगायचं तर काय सांगायचं, हाच तिचा प्रश्न होता. तो फक्त विचारायचा. कुठे होतीस, कुणाशी बोललीस, भाजी आणायला इतका वेळ कसा लागला. फोन हातातून घेऊन बघायचा. ती दळण आणायला गेली की पाच मिनिटांनी गिरणीच्या समोर उभा. मी म्हटलं, "इथे राहा. माझ्या घरी कुणी तुला काही विचारणार नाही."

पहिल्याच आठवड्यात त्याचा आईला फोन. "आजारी आहे का हो ती? काल जेवली नाही म्हणे." काल ती खरंच जेवली नव्हती. मग, "ताईंनी तिला वकिलाकडे न्यायचं ठरवलंय वाटतं." ठरवलं होतं. आई बिचारी मला विचारायची, "तूच सांगती का काय त्यांना?"

आम्ही आधी बहिणीच्या फोनवर संशय घेतला. तो बरोबरच होता. तिच्या फोनचं लोकेशन त्याच्याकडे जात होतं, तिची मेल त्याच्या लॅपटॉपवर उघडी होती. सगळे पासवर्ड बदलले, सिम बदललं, फोन पुसून कोरा केला. मी ऐटीत म्हणाले, "झालं. विषय संपला."

दरम्यान बहिणीला कॉलेज रोडच्या एका दवाखान्यात रिसेप्शनच्या कामासाठी बोलावणं आलं. लग्नानंतर पहिल्यांदा ती एकटीने काहीतरी करणार होती. मी आदल्या दिवशी हॉलमध्ये सोफ्यावर बसवून तिची तयारी करून घेतली. मी खासगी क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. "किती वाजता? कुठे उतरणार? दवाखान्याचं नाव सांग, पुन्हा सांग, मान वर करून सांग!"

दुसऱ्या दिवशी ती रिक्षातून उतरली तर तो दवाखान्याच्या पायरीवर उभा होता. तिला बघून हसला. ती त्याच रिक्षाने परत आली.

त्या दुपारी तिने बॅग भरायला घेतली. मी हात धरला, तर म्हणाली, "ताई, तिथे निदान तो समोर असतो. दिसतो तरी. इथे कुठून बघतो तेच कळत नाही." मग म्हणाली, "दवाखान्याला मी आजारी होते म्हणून सांगितलंय. ते पंधरा दिवसांनी या म्हणाले. तोवर सापडलं तर राहते. नाहीतर जाते."

मला दुसरं काही सांगायची गरजच नव्हती. मी पदर खोचला.

इंटरनेटवर बघून मला कळलं की छुपा कॅमेरा शोधायचा तर खोलीत अंधार करायचा आणि टॉर्च मारून भिंगाची चमक बघायची. मी भरदुपारी खिडक्यांना चादरी लावल्या आणि वहीची सुरळी डोळ्याला लावून घरभर रांगले. चमकलं ते असं: आमच्या ह्यांच्या शर्टाचं बटण, हरवलेलं चांदीचं जोडवं, आणि पंख्यावरून माझ्याकडे बघणारी पाल. दारावरची बेल उघडली, ती पुन्हा जोडता आली नाही. सेट-टॉप बॉक्स फॉइलमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात पुरला. मग घरातल्या प्रत्येक भोकावर टिकली लावत सुटले. लॅपटॉपला मरून, फोनना काळ्या, टीव्हीच्या खालच्या बारक्या डोळ्याला लाल. रिमोट चालेना. आमचे हे दोन दिवस सेल बदलत बसले.

हे प्रेसमध्ये कामाला आहेत. नोटांच्या प्रेसमध्ये गेटवर रोज अंगझडती होते, ते त्यांना अंगवळणी पडलंय. एका संध्याकाळी दारात आले, मला टॉर्च घेऊन उभी बघितली आणि दोन्ही हात वर केले.

"चेष्टा करू नका," मी म्हणाले.

"चेष्टा नाही. तिकडचे निदान लवकर सोडतात."

सगळीकडे टिकल्या लावल्या, फ्रेम सोडून. फ्रेम म्हणजे फोटो. फोटोला कोण टिकली लावतं? उलट मी रोज सकाळी झाडलोट झाल्यावर पदराने तिची काच पुसायचे, वरची कडसुद्धा.

मग कुणीतरी सांगितलं की वायफायचा पासवर्ड बदला. जुना पासवर्ड माझी पदवी आणि पास झाल्याचं साल असा होता, म्हणजे सायखेड्यातल्या कोंबड्यांनाही माहीत. मी नवा ठेवला आणि हॉलच्या मधोमध उभी राहून ह्यांना एकेक अक्षर मोठ्याने घालून दिलं.

पण गंमत म्हणजे त्यानंतर सगळं शांत झालं. त्याचा आईला फोन नाही, काही नाही. बहीण पहिल्यांदा पोटभर जेवली. मी दिवसभर घरात अशी फिरत होते की पदवीदान दुसऱ्यांदा झालंय.

फक्त फ्रेम बंद पडली होती. नवा पासवर्ड तिला माहीत नव्हता, त्यामुळे फोटो बदलेनात, नुसता काळा पडदा आणि कोपऱ्यात 'नेटवर्क नाही'. दारातून आलं की समोर काळं. दोन दिवस मी कळ काढली. तिसऱ्या दिवशी क्लासमधल्या एका मुलीची आई घरी येणार होती. मी स्टूलवर चढले आणि फ्रेममध्ये नवा पासवर्ड घातला. पहिलाच फोटो आला तो काळ्या झग्यातला. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "जावई म्हणत व्हते, ती वांग्याचं भरीत खायला लागली, बरं झालं."

आता यातून एखाद्या नापास मुलालाही कळलं असतं. मला काय कळलं? तो राउटरमध्ये शिरलाय! मी राउटर उपटून बादलीत बुडवणार होते. बादली रिकामी होती, तेवढंच नशीब.

बहिणीने माझा हात धरला आणि तोंडावर बोट ठेवलं. दोघींचे फोन टेबलावर ठेवायला लावले आणि मला गच्चीवर घेऊन गेली. तिथे चादरीवर वाळत घातलेल्या गव्हाशेजारी बसून म्हणाली, "ताई, तू यंत्र शोधतेस. मी त्याच्याबरोबर राहिलेय. तो काय ऐकतो ते शोधू. तू काही बोलू नकोस, फक्त मी सांगते तेवढं म्हण."

"म्हणजे काय करायचं?"

"प्रत्येक खोलीत वेगळी थाप मारायची. स्वयंपाकघरात म्हणायचं, सायखेड्याला जायचंय. बेडरूममध्ये म्हणायचं, त्र्यंबकला. हॉलमध्ये म्हणायचं, वणीला देवीला. बघू तो कुठे जातो."

मी तिच्याकडे बघत राहिले. बारावीनंतर लग्न झालेली माझी बहीण. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बघायचा, हे मी फळ्यावर लिहून शिकवते, वर्षानुवर्षं, पोटासाठी. "हे मलाही सुचलं असतं," मी म्हणाले.

"हो. आणि तू ते हॉलमध्ये बोलली असतीस."

आम्ही खाली येऊन थापा मारल्या. मी तिन्ही ठिकाणी जरा जास्तच ठसक्यात बोलले, पण बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला तो रागातच.

"जावयाचा फोन आलता. तुम्ही दोघी वणीला चालल्या म्हणं. जन्म दिला मी, अन् मला नाय सांगितलं? त्यांना सांगितलं? निदान माझी ओटी तरी घेऊन जायची!"

मी फोनवर हात ठेवला आणि बहिणीकडे बघितलं. ती हॉलकडे बघत होती.

हॉलमध्ये होतं काय? टीव्ही, राउटर आणि फ्रेम. टीव्हीचा तर मी डोळाच झाकला होता. बहीण उठली, सरळ फ्रेमखाली जाऊन उभी राहिली आणि बोटाने मला खूण केली. मी तिला ओढत बाथरूममध्ये नेलं, नळ सोडला आणि कुजबुजले, "छे गं. ती नाही. त्यात तर मी आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली.

आम्ही परत गेलो. तिने नुसती नजर वर केली. फ्रेमच्या वरच्या कडेला, मधोमध, तिळाएवढं भिंग. या फ्रेमवरून व्हिडिओ कॉलही करता येतो हे खोक्यावर लिहिलेलं होतं. खोका माळ्यावर होता, तो मी नंतर वाचला. ज्याने ती जोडली त्याला आपल्या फोनवरून ती हवी तेव्हा उघडता येते. तेच भिंग मी रोज सकाळी पदराने पुसत होते. त्याला स्वच्छ दिसावं म्हणून.

मला ती तिथल्या तिथे वरवंट्याने फोडायची होती. संध्याकाळी गच्चीवर ह्यांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले नाहीत. म्हणाले, "हात लावू नका. आमच्याकडे काही सापडलं तर आधी जागेवर ठेवतात, मग साहेबाला बोलावतात. फोडलीस तर तो म्हणेल, मी साधी फोटोची फ्रेम दिली, यांनी जावयाचा आहेर फोडला."

"आणि काढली तर त्याला कळेल की आपल्याला कळलं," बहीण म्हणाली. "मग तो दुसरं काही करेल. दाजी, आधी मला दवाखान्यात जाऊन येऊ द्या. तोवर ती तिथेच राहू दे."

त्यानंतरचे काही दिवस आम्ही आमच्याच घरात नाटक केलं. कामाचं सगळं बोलणं गच्चीवर, वणीचं सगळं बोलणं हॉलमध्ये. वारही तोच धरला, दवाखान्याचा. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं, कारण आईला सांगणं म्हणजे सायखेड्याच्या आठवडे बाजारात सांगणं. मी फ्रेमसमोर सोफ्यावर खणाची घडी घालत म्हणायचे, "सकाळची बस धरू हं! गडावर ऊन फार होतं!" शाळेत मला नाटकात घेत नसत, का ते मला त्या आठवड्यात कळलं. बहीण नंतर गच्चीवर म्हणायची, "ताई, एवढं भिंतीकडे तोंड करून नको बोलू." भिंतीवर थोड्या वेळाने मीच यायचे, आणि मला वाटायचं, ती झग्यातली बाई माझ्याकडे बघून हसतेय.

त्या सकाळी आम्ही ओटीची पिशवी घेऊनच घरातून निघालो आणि कॉलेज रोडला उतरलो. ह्यांनी सुट्टी टाकली होती. ते रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर उभे राहिले आणि कारण नसताना येणाऱ्या-जाणाऱ्यांना निरखत राहिले. पायरीवर कुणी नव्हतं. बहीण थांबली, पायरीकडे बघितलं आणि वर गेली. मी बाहेरच्या बाकावर नारळ मांडीवर घेऊन बसले. आत काय विचारतात ते ऐकू येत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी उत्तरं सांगायला जागेवर नव्हते.

ती अजून आतच होती तेव्हा माझ्या फोनवर त्याचा मेसेज आला. "ताई, तुम्ही शिकलेल्या. देवीच्या नावाने खोटं बोलता? मी सकाळपासून वणीच्या स्टँडवर उभा आहे."

मी दोनदा वाचला. वार फक्त त्या भिंतीला माहीत होता. मी लगेच उत्तर लिहायला घेतलं, चांगलं लांबलचक, त्यात 'नालायक' हा शब्द तीनदा आला होता. तेवढ्यात बहीण बाहेर आली. तिने माझ्या हातातून फोन घेतला, वाचला, माझं उत्तर पुसलं.

"उत्तर नाही. स्क्रीनशॉट काढ."

"अगं, पण काम? काय म्हणाले ते?"

"एक तारखेपासून ये म्हणाले," ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली. मग टपरीजवळ जाऊन दाजींच्या हातातला अर्धा चहा घेऊन प्यायली. असं तिने आधी कधी केलं नव्हतं.

तिथून आम्ही सरळ सायबर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या मॅडमनी मेसेज बघितला, आम्ही काच पुसायच्या निमित्ताने फ्रेमच्या सेटिंगचे काढलेले फोटो बघितले. त्यात मालक म्हणून त्याचीच मेल होती. "फ्रेम फोडली नाहीत, हे फार बरं केलंत," मॅडम म्हणाल्या. आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

फ्रेम पंचनाम्याला काढली तेव्हा ती नेमकी चालू होती. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारांनी वाचून दाखवलं, 'पडद्यावर काळा झगा घातलेल्या एका अनोळखी महिलेचे छायाचित्र.' मी म्हणाले, "अनोळखी काय? ती मी आहे. बी.एस्सी." त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि 'अनोळखी' तसंच ठेवलं. आता माझा पदवीचा फोटो लाखेच्या सीलखाली पोलिसांच्या कपाटात आहे.

प्रकरण संपलेलं नाही. तारखा पडतात. तो एकदा सोसायटीच्या गेटवर येऊन गेला. बहिणीने वरून बघितलं, ठाण्याला फोन केला आणि कणीक मळायला बसली. आईला सगळं कळल्यावर ती जावयावर चिडली त्यापेक्षा आमच्यावर जास्त. "देवीचं नाव घेतलं ना? मंग आता जावंच लागल." त्यामुळे आम्ही तिघी खरोखर वणीला जाऊन आलो. पायऱ्यांवर मी सारखी मागे वळून बघत होते. बहीण बघत नव्हती.

घरचं वायफाय आता तिने नव्याने लावलंय. राउटरच्या आतला पासवर्डही तिनेच बदलला, जो मुळात बदलायचा असतो हे मला माहीत नव्हतं. कोणती वस्तू जोडलेली आहे, ते ती दर रविवारी बघते. नवी वस्तू घरात आली की आधी खोका वाचते. तिने दोन वायफाय केलेत, एक घरचं आणि एक पाहुण्यांचं. घरच्यावर ती आणि दाजी आहेत.

मी पाहुण्यांच्या वायफायवर आहे. माझ्याच घरात. विचारलं तर म्हणते, "ताई, तू हॉलमध्ये बोलतेस."

दर्शनी भिंतीला खिळा अजून तसाच आहे. मी परवा म्हणाले, तिथे काहीतरी लावायला पाहिजे, दारातून आलं की रिकामं दिसतं. बहीण कामावरून नुकतीच आली होती. तिने गळ्यातलं दवाखान्याचं ओळखपत्र काढलं, त्या खिळ्याला अडकवलं आणि हातपाय धुवायला गेली. त्यावरचा फोटो बारका आहे आणि तिचे डोळे अर्धवट मिटलेत. मी पदराने काच पुसायला गेले, तर त्याला काचच नव्हती.